तीन ठोके

रात्री दोन दहाला इंगवल्यांचा फोन.
"ताई, पडद्यावर टाकी चार पॉइंट दोन,
आणि बाहेर पाणी जिन्यावरून उतरतंय."

पाणीगेटची टाकी. नावाला जागली.
मी स्कूटीवरून पोचले तेव्हा
रस्त्यावर घोट्याएवढं पाणी,
त्यात एक म्हैस, तृप्त,
आणि पायजमा वर धरून उभा चहावाला:
"बेन, आजे तो सुरसागर अहीं आवी गयुं."

कंट्रोल रूममध्ये पडदा शांत.
कोपऱ्यात हिरवा ठिपका. म्हणजे सत्र चालू,
इंगवले आत आहेत, त्यांची ओळख पटलेली आहे.
खाली चार पॉइंट दोन शून्य,
एक एकतीसपासून तेच.
त्याच्याकडे बघत त्यांनी डबा खाल्ला होता,
पावतीच्या पाठीवर मुलीच्या फीचा हिशेब केला होता.
आकडा हलत नाही म्हणजे पाणी हलत नाही,
असं कुणालाही वाटेल.

दार उघडं होतं, वर्गणी संपली होती.
लॉगिनला मी तासाचं आयुष्य दिलं,
टाकीच्या खबरबातीला पाच मिनिटांचं.
लाइन तुटली, सहा मिनिटांनी जुळली,
सत्र उठून उभं राहिलं,
खबर मागायला पुन्हा कुणी गेलंच नाही.
सर्व्हरने वाट पाहिली, मग दप्तर बांधलं.
जाताना निरोपही ठेवला होता त्याने.
माझ्या कोडने तो घेतला
आणि कुणालाच दिला नाही.

अहवालात मी लिहिलं,
"संपर्कातील तात्पुरता व्यत्यय."
मेमो इंगवल्यांना मिळाला.

दांडिया बाजारात माझ्या खोलीखाली
फणसेबाई राहतात, ब्याऐंशीच्या, एकट्या.
रात्री दहाला नळाच्या पाइपवर चमच्याने एक ठोका.
टण्.
वरून माझा एक.
त्यात बातमी नसते.
नवीन काही नाही, पण आहे,
एवढंच.

सांगण्यासारखं काही नसेल तेव्हाही सांग,
हे सर्व्हरला मागता येतं.
चार वर्षं रोज पाइपवर ऐकत होते
आणि मला सुचलं नव्हतं.
आता तसं केलंय. दर दहा सेकंदांनी रिकामा निरोप.
तीन निरोप चुकले की आकडा राखाडी,
नवी वर्गणी, आणि इंगवल्यांच्या टेबलावर भोंगा.
एका चुकीवर घाबरायचं नाही.
एक ठोका कुणाचाही चुकतो.

गुरुवारी दहा वाजले. पाइप गप्प.
नियमाने शनिवारपर्यंत थांबायला हवं होतं.
दहा वाजून चार मिनिटांनी मी
एका पायात चप्पल घालून जिन्यात होते.

बाईंच्या टीव्हीवर निळा पडदा.
"वर्गणी संपली म्हणतोय मेला. तासभर भांडतेय,
तो फोनवर नुसतं गाणं ऐकवतो.
चमचा हातातच आहे गं, हा बघ."
मी फोनवरून दोनशे चाळीस भरले.
मालिका परत आली, त्यातली सून रडतच होती.
"काही चुकलं नाही म्हणजे," बाई म्हणाल्या.

वर येते तोच मागून टण्.
उत्तर दिलं, आणि लॅपटॉप उघडून
खात्याच्या पोर्टलवर दुसरा अहवाल लिहायला बसले.
इंगवल्यांची चूक नाही.
आकडा शिळा होता आणि ताजा दिसत होता.
तो तसा दिसेल असं मी केलं होतं.
इथपर्यंत यायला मला पाऊण तास लागला,
मधल्या ओळी बऱ्याच वेळा खोडल्या,
एकदा उठून उगाच भांडी घासली.

पाठवा दाबलं.

आपले सत्र संपले आहे.
कृपया पुन्हा लॉगिन करा.

पोर्टल आमच्याच कंपनीचं. पंधरा मिनिटं मीच ठरवली होती.

पुन्हा आत गेले. पुन्हा लिहिलं.
या वेळी तीन ओळीत झालं.